भावी एमडी

आमच्या खालच्या मजल्यावरच्या पोराला सगळं मोहने गाव 'एमडी' म्हणतं. डॉक्टरीतला नव्हे, मॅनेजिंग डायरेक्टर! अजून नुसती बारावी कॉमर्स झालीय, पण नाक्यावर वडापाव खाताना तो वडेवाल्याला विचारतो, "दादा, एका वड्यामागं तुमचं मार्जिन किती?" वडेवाला उत्तर देत नाही. त्याच्या पावात चटणी तेवढी कमी घालतो. तेच मार्जिन.

यंदा त्याला ब्याण्णव टक्के पडले आणि चार कॉलेजांच्या मेरिट लिस्टांत नाव लागलं. घरात पेढे आले आणि झोप गेली.

सिडनहॅम 1913 सालचं, आशियातलं पहिलं कॉमर्स कॉलेज. तिथं बाबासाहेब प्राध्यापक होते हे कळल्यावर आजोबांनी आपलं मत तिथंच टाकलं. पण आमच्या आंबिवली स्टेशनाहून चर्चगेट म्हणजे दादरला गाडी बदलणं आलं. माटुंग्याचं पोदार 1941चं, नाव मोठं. पण फास्ट लोकल माटुंग्याला ढुंकून बघत नाही. मुलुंडचं वझे-केळकर अधलं-मधलं. उरलं कल्याणचं बिर्ला. ते शहाडपलीकडं, म्हणजे घरातच. आणि घरातल्या गोष्टीला ब्रँड व्हॅल्यू नसते, हे एमडीचं ठाम मत.

त्यात बीएमएस या मॅनेजमेंटच्या पदवीचा घोळ. 2024 पासून त्याला सीईटी लागली, तेव्हा बऱ्याच कॉलेजांनी त्याच अभ्यासक्रमाचं पुन्हा बारसं करून 'बीकॉम मॅनेजमेंट स्टडीज' असं नाव ठेवलं. एमडीनं हे अर्धा तास समजावलं. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "म्हणजे पाळण्यातलं नाव वेगळं न् शाळेतलं वेगळं. एवढंच ना?"

एवढंच होतं. पण एवढ्यावर एक्सेल शीट बनत नाही. एमडीच्या शीटमध्ये प्लेसमेंट, फी, ब्रँड, कँटीन, प्रवास असे रकाने होते. रात्री बेरीज केली की सिडनहॅम पहिलं यायचं. सकाळी आंबिवली स्टेशनात कसारा लोकलच्या दाराला लोंबकळणारी माणसं दिसली की बिर्ला. "वेटेज चुकलं होतं, काका," असं मला सांगून तो गुण बदलायचा. माझा सल्ला मागायचा, आणि मी तोंड उघडायच्या आत दोन्ही बाजू स्वतःच मांडून "थँक्यू काका" म्हणत निघून जायचा.

आजोबा इथल्या एनआरसी कंपनीत कामाला होते. 2009 साली कंपनीला टाळं लागलं, पण त्यांच्या बोलण्यातला भोंगा अजून वाजतो. "आम्हाला कुठं चार-चार कंपन्या होत्या रे? भोंगा झाला की गेटात!"

"आजोबा, नोकरी देणारा एकच असला की त्याला मोनॉप्सनी म्हणतात."

"आमच्या वेळी नव्हती ती," आजोबा म्हणाले. "आमची युनियन दुसरी होती."

फी भरायच्या शेवटच्या दिवशी मुदत पाचची. साडेचारला एमडी प्रत्येक कॉलेजच्या ताकदी आणि उणिवा वेगवेगळ्या रंगांत रंगवत बसला होता. वडील ऑफिसातून दर पाच मिनिटांनी फोन करत होते. शेवटी आईनं गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि विचारलं, "येताना टिटवाळा लोकल चुकली, तर जेवशील कधी?"

या प्रश्नाला शीटमध्ये रकाना नव्हता. पावणेपाचला कल्याणची फी भरली गेली. "स्ट्रॅटेजिक लोकेशन, काका," त्यानं जिन्यात मला सांगितलं.

मग वेळापत्रक आलं. लेक्चर सकाळी सातला. आजोबा खुर्चीतून उठलेच. "म्हणजे फर्स्ट शिफ्ट!" त्यांनी माळ्यावरून आपला कंपनीतला डबा काढला, राखेनं घासला आणि नातवाच्या हातात दिला. झाकणाला पोचा होता, कडी मात्र शाबूत.

एमडी डबा उलटसुलट करून पाहत राहिला. "यात पोळी-भाजी बरी, का भात?"

"दुसरी लिस्ट लागेपर्यंत ठरव," आई आतून म्हणाली.