फोनच्या पाठीला मिठाचा शेक

(स्थळ: झाशीतल्या एका मराठी घराची ओसरी. वेळ: मे महिन्यातली दुपार. पात्रे: सासरे, रेल्वेच्या वॅगन वर्कशॉपमधून निवृत्त, जावई, पुण्याचे, संगणकावर पोट असलेले, सासूबाई, ज्या बहुतेक आतूनच बोलतात.)

सासरे: दाखवा बघू.

जावई: नको बाबा, विशेष काही नाही. समोरची काच शाबूत आहे. मागचीच तेवढी गेली.

सासरे: कुठे पडला?

जावई: किल्ल्यावर. कडक बिजली तोफेपाशी. उन्हाने फोन इतका तापला की कॅमेराच उघडेना. म्हटलं, कव्हर काढावं, जरा गार होईल.

सासरे: म्हणजे पुण्यात वर्षभर कव्हरात ठेवला आणि जिथे पायाखाली सगळा बुंदेलखंडी ग्रॅनाइट, तिथे नेऊन उघडा केलात!

जावई: चव्वेचाळीस डिग्री होतं हो.

सासरे: मग? मे महिना आहे. १८५८ च्या मे महिन्यात कोंचच्या लढाईत ह्यू रोजचे गोरे शिपाई गोळीपेक्षा उन्हानेच जास्त आडवे झाले. खुद्द रोजलाही ऊन लागलं. तुमचा फोन तर बिल्कुल नाजूक.

सासूबाई: (आतून) पन्हं आत्ता आणू, की रोजसाहेब काल्पीला पोचल्यावर?

सासरे: आत्ताच आण. जावईबापू, मला एक सांगा. पाठीला काच कशाला?

जावई: बिनतारी चार्जिंगसाठी. धातूची पाठ असली तर ते होत नाही. काचेतून होतं. २०१७ साली आयफोनने पाठ काचेची केली ती त्यासाठीच.

सासरे: वा! मग तुम्ही बिनतारी चार्ज करता तर.

जावई: नाही. या फोनला ती सोय नाही.

सासरे: मग काच?

जावई: हातात धरल्यावर जरा भारी वाटतं.

सासरे: हातात तर कव्हर येतं तुमच्या.

जावई: कव्हर काच फुटू नये म्हणून.

सासरे: (थोडा वेळ गप्प राहून) आमच्या वर्कशॉपात असं कुणी डिझाइन केलं असतं ना, तर त्याला स्टोअर्समध्ये बदली दिली असती.

जावई: तशी ही काच साधी नाही हं. वितळलेल्या पोटॅशियमच्या क्षारात बुडवून काढतात, चारशेएक डिग्रीला. काचेतले सोडियमचे बारके कण बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे थोराड कण घुसतात. दाटी होते, पृष्ठभाग आवळला जातो, म्हणून सहज फुटत नाही.

सासरे: पोटॅशियमचा कुठला क्षार? नायट्रेट?

जावई: हो, तोच.

सासरे: म्हणजे सोरा. अहो, तोफेच्या दारूत घालतात तो! सोरा, गंधक, कोळसा. म्हणजे सोरा खाणाऱ्या तोफेजवळ सोऱ्यात न्हालेली काच फुटली. भाऊबंदकी म्हणतात ती हीच. बरं, कंपनीच्या केंद्रात विचारलंत?

जावई: विचारलं. पॅनल मागवावं लागेल म्हणाले. फोन ठेवून जा, आठवडा लागेल, आणि देताना आतला सगळा डेटा पुसून द्या.

सासरे: पाठ दुखते म्हणून पोट साफ करायचं?

जावई: नियम आहे म्हणे. पुण्याला गेल्यावर बघतो मी. कुणाच्या हातात द्यायचा तर भीती वाटते. म्हणून मी आपलं ठरवलंय की मी माझा फोन...

सासरे: थांबा. ते वाक्य नको. स्टेशनवर उतरलेला प्रत्येक पाहुणा या ओसरीवर ते वाक्य म्हणतो. तुमच्या मावसभावाने तर तुमच्या लग्नात मुंडावळ्या सोडताना म्हटलं होतं. फोन कुणाला द्यायचा नाहीच. इथेच करायचा.

जावई: कोण करणार?

सासरे: छत्तीस टनी वॅगनची चाकं उतरवून बसवलीत या हातांनी.

जावई: म्हणूनच विचारलं.

सासूबाई: (पन्हं ठेवत) घाबरू नका. मिक्सर त्यांनीच दुरुस्त केलाय. आता फक्त तो लावताना रेडिओ बंद करावा लागतो.

जावई: बाबा, घरी उघडला तर वॉरंटी जाईल.

सासरे: पडून फुटलेली काच वॉरंटीत येते?

जावई: नाही.

सासरे: मग खामखा रडायचं कशाला? फोन किती चार्ज आहे?

जावई: ऐंशी टक्के. मुद्दाम भरून ठेवला.

सासरे: उतरवा. वीसच्या खाली येऊ दे. आत लिथियमची बॅटरी आहे. चुकून पत्र्याचं टोक लागलं तर भरलेली बॅटरी जास्त जोरात पेट घेते. तोवर तुमचे ते व्हिडिओ बघत बसा, लवकर उतरेल.

(दोन तासांनंतर. खाटेवर जुनी चादर, त्यावर फोन. जावयाने बघून ठेवलेला व्हिडिओ सासूबाईंच्या फोनवर थांबवलेला.)

जावई: यात चार मिनिटांत झालंय.

सासरे: व्हिडिओत मधला कंटाळा कापलेला असतो. फोन बंद केला? सिमचा ट्रे काढला? मग पाठीवर ही रुंद चिकटपट्टी लावा. एकावर एक, चांगली दाबून. म्हणजे कच उडणार नाही, आणि ओढायला रबरी कपाला पकडही मिळेल. डोळ्यावर चष्मा असू द्या.

जावई: रबरी कप आणला कुठून?

सासूबाई: न्हाणीघरातला टॉवेलचा हुक गेला वाटतं.

सासरे: संध्याकाळी परत लावतो. आता शेक. कडेचा गोंद मऊ व्हायला सत्तर-ऐंशी डिग्री लागते.

जावई: गच्चीवर ठेवू या का? फरशीवर पापड भाजतील इतकं ऊन आहे.

सासरे: उन्हात फोन सगळाच तापेल, बॅटरीसकट. आपल्याला फक्त कडा तापवायच्या. दुकानात यासाठी हीट गन असते. आपल्याकडे मीठ आहे.

जावई: मीठ?

सासरे: तव्यावर तापवलेलं, फडक्यात बांधलेलं. सासूबाईंच्या गुडघ्याला रोज देतो मी.

जावई: गरम पाण्याची पिशवी आहे ना कपाटात?

सासरे: बूच गळतं तिचं. मीठ कोरडं. परदेशात याच कामासाठी तापवायची पिशवी डब्यात घालून विकतात म्हणे. हात लावून बघा, चटका बसला पाहिजे पण फोड येता कामा नये. एका कडेला दोन मिनिटं. मग कप लावून ओढायचं. हळू! नळ नाही तो!

जावई: फट पडली!

सासरे: आता हे सारा. जुन्या एटीएम कार्डाचा कोपरा कापलाय.

जावई: बाबा, हे माझंच कार्ड आहे.

सासरे: मुदत संपलेलं होतं, बघितलं मी. फक्त कडेकडेनं. चार मिलिमीटरच्या आत जायचं नाही. बोटाच्या ठशाचं बटण कुठे आहे तुमचं?

जावई: कडेला.

सासरे: बरं झालं. पाठीवर असतं तर पॅनलखाली वायर असती आणि घाईत ती तुटली असती. बिनतारी चार्जिंग नाही म्हणून तिची तबकडीही आडवी येणार नाही. तुमच्या फोनचं दारिद्र्य कामाला आलं.

(पाठ सुटते. खाली जुन्या गोंदाचा काळा थर आणि काचेचे कण.)

जावई: झालं!

सासरे: झालं? आता तर काम सुरू. हा गोंद पुसायचा. सगळा. एक दाणा राहिला तर नवी पाठ तिथे उचललेली राहील, आणि पुढल्या खेपेला खिशात दाबली की तिथूनच फुटेल.

जावई: सॅनिटायझरने पुसू?

सासरे: त्यात पाणी असतं, ग्लिसरीन असतं. औषधाच्या दुकानातून हे आयसोप्रोपिल आणलंय. कापसाची काडी बुडवा, निथळू द्या, मग घासा. आणि कॅमेऱ्याच्या भिंगाला बोट लावायचं नाही.

(सावल्या लांबतात. दोघेही खाली मान घालून घासत आहेत.)

जावई: माझ्या बहिणीकडे आयफोन होता. त्याची पाठ फुटली तेव्हा दुकानदाराने लेझरच्या मशीनखाली ठेवला. गोंद इतका पक्का की आधी लेझरने जाळायचा, मग खरवडायचा.

सासरे: आणि आधी?

जावई: २०१० च्या आयफोन चारला दोन स्क्रू होते. काढले की पाठ सरकायची. २०१७ नंतर चिकटवून टाकली. २०२२ मध्ये आयफोन चौदाला पुन्हा सुटी होणारी केली.

सासरे: पाच वर्षं लागली त्यांना. इथे १८५८ च्या वेढ्यात दिवसभर तोफा चालून तटाची भिंत पडली, तर रात्री गवंडी कांबळी पांघरून वर चढले आणि पहाटेच्या आत भिंत उभी केली, अशी हकीकत आहे. उजाडलं तेव्हा गोरे बघतच राहिले.

जावई: बाबा, पण झाशी शेवटी...

सासरे: भिंतीचं काम चोख होतं, एवढंच म्हणतोय मी. ती कड राहिली तुमची. पुसा.

सासूबाई: अहो, नवीन पाठ आणलीत ना पण?

सासरे: सकाळीच. सीपरी बाजारातून. हे घ्या.

जावई: ही... गुलाबी आहे.

सासरे: तुमच्या मॉडेलची तीच होती. भिंग लावलेलं आहे, माप मिलिमीटरला बरोबर आहे. निळी दिल्लीहून मागवावी लागेल म्हणाला.

जावई: माझा फोन काळा होता.

सासरे: कव्हर कुठल्या रंगाचं?

जावई: काळं.

सासरे: मग?

(जावई काहीतरी बोलू पाहतात, पन्हं पितात.)

जावई: फेविक्विक आणू?

सासरे: खबरदार! त्याची वाफ भिंगावर पांढरी बसते, आणि पुढे फोन कधी उघडायचा झाला तर करवत लागेल. हा बी-सात हजार गोंद घ्या. सुकल्यावर रबरासारखा राहतो, गरम केला की सुटतो. रेघ बारीक ओढा. माइकच्या भोकात जाऊ देऊ नका, नाहीतर उद्यापासून तुमचं म्हणणं कुणाला ऐकू यायचं नाही.

सासूबाई: तसंही या घरात कुठे येतंय.

(पाठ बसते. चारी बाजूंनी कपड्यांचे चिमटे, खाली-वर पुठ्ठा.)

जावई: चिमट्याने भिंगाला ताण नाही ना येणार?

सासरे: तिथे लावलाच नाही. वर वजन म्हणून पुस्तक ठेवू. वृंदावनलाल वर्मांचं झाँसी की रानी. १९४६ चं, वकिलाने लिहिलेलं, त्यामुळे जाडही आहे.

जावई: किती वेळ ठेवायचं?

सासरे: चोवीस तास.

जावई: चोवीस तास फोनशिवाय?

सासूबाई: मग आज तुम्ही आमच्याशी बोला. लग्नापासून तुमचा आवाज आम्ही स्पीकरवरच ऐकलाय.

जावई: आणि उद्या ओरछ्याला जायचंय ना? बेतवात पाय बुडवून फोटो काढायचे होते.

सासरे: जाऊ या, फोटो सासूबाईंच्या फोनने काढू. तुमचा इथेच राहू दे. सुकला तरी नदीत, पावसात, न्हाणीघरात न्यायचा नाही आता. ट्यूबमधल्या गोंदाने कारखान्यासारखी सीलबंदी होत नाही, आणि कंपनीने पाण्याबद्दल जे काही छापलं होतं, ते आपण पाठ उचलली तेव्हाच संपलं.