आधीचे कागद

इस्लापूर हे गाव एकदा सगळंच्या सगळं एका दप्तरातून दुसऱ्या दप्तरात गेलेलं आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यात त्याचा नावानिशी उल्लेख आहे: आदिलाबाद जिल्ह्याच्या बोथ तालुक्यातलं इस्लापूर सर्कल, किनवट आणि राजुरा तालुक्यांच्या सोबतीनं, हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात. १ नोव्हेंबरला पैनगंगा जागची हलली नाही, सहस्रकुंडचा धबधबा हलला नाही. हलले ते कागद. आणि कागद हलले की वाचणारा मागं राहतो. निजामाच्या काळातल्या कुणबी नोंदी शोधायला २०२३ साली न्यायमूर्ती शिंदे समिती बसली, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांचा भाव एकदम वधारला.

दवाखान्याच्या कागदांचं तेच. इस्लापूरचा माणूस आजारी पडला की त्याला दिशा दोन. मुदखेड-आदिलाबाद लाइनवर एकीकडं नांदेड, दुसरीकडं तेलंगणातलं आदिलाबाद. "मोठ्या दवाखान्यात दाखवा" असं ऐकलं की कुणी विष्णुपुरीच्या शंकरराव चव्हाण वैद्यकीय महाविद्यालयात जातं, कुणी आदिलाबादच्या रिम्समध्ये, आणि एखादा एकर विकायची तयारी असेल तर थेट हैदराबादला. तिन्हीकडं संगणक, तिन्हीकडं नवा नंबर आणि तिन्हीकडं पहिला प्रश्न एकच, कुठं मराठीत, कुठं तेलुगूत: आधीचे कागद आणलाव का?

कागद असतातच. बस्ता बांधलेल्या दुकानाच्या पिशवीत असतात. आतली मांडणी तारखेवार नसते, किमतीवार असते. एमआरआय सगळ्यात वर, सोनोग्राफी त्याच्याखाली, आणि गावच्या डॉक्टरनं सरकारी केसपेपरवर लिहिलेलं खरं निदान तळाशी, घडीवर फाटलेलं. ईसीजी थर्मल कागदावरचा. पत्र्याच्या घरातला एक मराठवाडी उन्हाळा त्याला पुरतो. मे संपेस्तोवर कागद काळा पडतो आणि हृदयाचे ठोके त्यात बुडून जातात.

म्हणून संगणक आला हे बरंच झालं, याबद्दल मनात किंतु नाही. एका प्रणालीनं दुसरीला माहिती द्यायची तर दोघींचं काहीतरी आधी ठरलेलं लागतं. त्यासाठी एफएचआयआर नावाचं मानक आहे, तंत्रज्ञ त्याला 'फायर' म्हणतात. त्यात रुग्ण, औषध, तपासणी, ॲलर्जी, प्रत्येकाला नेमलेली जागा. घोर लागतो तो जागा न मिळालेल्यांचा. समजा, "पेनिसिलिन सोसत नाही" हे डॉक्टरनं केसपेपरच्या कोपऱ्यात लाल शाईनं लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या. ॲलर्जीच्या रकान्यात यादीतून शोधून निवडावं लागतं आणि रांग तर दाराबाहेर गेलेली, म्हणून ऑपरेटरनं ते 'शेरा'मध्ये टाकलं. शेरा पलीकडं पोचतो, नाही असं नाही. पण नुसता मजकूर म्हणून पोचतो. नवी प्रणाली ॲलर्जीच्या रकान्यात डोकावते, तो मोकळा दिसतो, ती गप्प बसते. लाल शाई निदान ओरडायची तरी.

माणूस ओळखण्यातली गंमत आणखी वेगळी. एकीकडं आडनाव आधी, दुसरीकडं शेवटी, आदिलाबादकडं त्याचं नुसतं एक अक्षर पुढं. मारोतीच्या इंग्रजी स्पेलिंगात कुणी 'ओ' घालतं, कुणी 'यू'. मग जन्मतारखेवरून जुळवावं, तर गावातली कितीतरी जुनी माणसं मास्तरांनी १ जूनला जन्माला घातलेली, आणि शाळेत न गेलेली आधारनं १ जानेवारीला. संगणकाच्या लेखी मग एक मारोती तीन माणसं होतो, नाहीतर तीन मारोती एकच. पहिल्यात तपासण्यांचा खर्च वाढतो. दुसऱ्यात काय होईल याचा विचार मी रात्री करत नाही.

२०२१ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशननं यावर १४ अंकी 'आभा' क्रमांक काढला. कल्पना शहाणी आहे: नोंदी ज्या-त्या दवाखान्यातच राहतात, रुग्णानं संमती दिली की दुसरीकडं दिसतात. पुढच्याच वर्षी जुलैत राज्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतली जुनी संगणक प्रणाली थकीत बिलाच्या वादात बंद पडली आणि डॉक्टर मंडळी पुन्हा हातानं लिहू लागली. वर्षानुवर्षांच्या नोंदी आत, किल्ली भलत्याच्याच हातात. पिशवीवाल्यांना त्या दिवसांत काही विशेष जाणवलं नसावं.

आता संमती म्हणजे ओटीपी. सासूला घेऊन आलेल्या सुनेला सगळं पाठ असतं: कोणती गोळी अर्धी, कोणती उपाशीपोटी, मागच्या पोळ्याला कोणत्या सुईनं अंगभर गांधी उठल्या होत्या. ते लाल अक्षर तिला न वाचताही ठाऊक. अर्जात तिच्या वाट्याला एवढाच रकाना, 'नातेवाईकाचा मोबाईल'. तो नंबर नवऱ्याचा. नवरा पुण्याला कंपनीत, आणि कंपनीत फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. ओटीपीची मुदत मिनिटांची, शिफ्ट आठ तासांची.