आभासी वायरीचे लोंबणे: एक शास्त्रीय विवेचन

विषयप्रवेश

जी वायर अस्तित्वातच नाही ती लोंबते कशाला, हा प्रश्न संगीतशास्त्राने भौतिकशास्त्राकडे ढकलला, भौतिकशास्त्राने संगणकशास्त्राकडे आणि संगणकशास्त्राने 'सेटिंगमध्ये बघा' असे सांगून हात झटकले. अशा अनाथ प्रश्नाला आसरा देणे हे प्रस्तुत प्रबंधाचे प्रयोजन होय.

अनभिज्ञ वाचकांसाठी प्रश्नाचे स्वरूप सांगतो. 'व्हीसीव्ही रॅक' हे मोफत सॉफ्टवेअर उघडले की पडद्यावर एक मांडणी दिसते. तीत सिंथेसायझरचे सुटे अवयव रांगेने बसवता येतात. एक मॉड्यूल स्वर निर्माण करते, दुसरे त्याची धार काढते, तिसरे त्याचा आवाज कमीजास्त करते. मात्र ती आपणहून एकमेकांशी बोलत नाहीत. एकाच्या भोकातून दुसऱ्याच्या भोकापर्यंत माउसने वायर ओढावी लागते. वायर ओढून बोट उचलले की तिला मध्यभागी झोळ पडतो. वजन नाही, तांबे नाही, पडद्याच्या आत गुरुत्वाकर्षण नाही; पण झोळ आहे.

प्रबंध नागपूरचा आहे; तेव्हा या विषयाचा अधिकार नागपूरकडे कसा, अशी शंका पुण्याहून येईल. तिचे निरसन सोपे आहे. ज्या वायरीची लांबी शून्य आहे तिचा अभ्यास ज्या शहरात झिरो माइलचा दगड चार घोड्यांसह उभा आहे तिथे करायचा नाही, तर कुठे करायचा?

कुलवृत्तांत

वायरीचे घराणे मूळचे टेलिफोन एक्स्चेंजचे. 1878 साली अमेरिकेतील न्यू हेवन येथे पहिले व्यापारी एक्स्चेंज सुरू झाले. पुढे अशा एक्स्चेंजांत बसणाऱ्या ऑपरेटर मुली दोन टोकांना पिना असलेल्या वायरीने एका घराचा आवाज दुसऱ्या घरात पोहोचवू लागल्या. आजही गिटारच्या वायरीला असते ती 6.35 मिलिमीटरची पिन त्याच घराण्यातली. सेंट्रल अव्हेन्यूवरच्या टेलिफोन एक्स्चेंज चौकात सिग्नलला थांबलेला नागपूरकर अशा प्रकारे रोज सिंथेसायझरच्या कुलदैवतासमोर हॉर्न वाजवत असतो, आणि त्याला त्याची गंधवार्ता नसते.

1960 च्या दशकात डॉन बुक्ला आणि रॉबर्ट मूग यांनी स्वतंत्रपणे विजेच्या दाबावर चालणारे सुटे भाग बनवले आणि ते जोडायला वायरी दिल्या. भारतात ही विद्या लवकर आली. 1969 मध्ये डेव्हिड ट्यूडर यांनी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर उभारून दिला. पण लगेच 1970 साली मिनिमूग निघाला आणि त्याने सगळ्या जोडण्या पोटात गिळल्या. मुंबईच्या चित्रपटसंगीतात केरसी लॉर्ड यांनी वाजवला तो हा बिनवायरीचा अवतार. वायरीच्या इतिहासातले हे अंधारयुग.

पुनरुज्जीवन झाले ते स्वीडनमध्ये. 2000 साली प्रॉपेलरहेड कंपनीने 'रीझन' हे संगीताचे सॉफ्टवेअर बाजारात आणले. त्यात टॅब कळ दाबली की अख्खा रॅक पाठ फिरवतो, मागचे स्क्रू दिसतात आणि वायरी झुलू लागतात. त्या झुलण्याने आवाजात तसूभरही फरक पडत नाही, आणि तरीही केवळ ते पाहायला पुन्हा पुन्हा टॅब दाबणारे लोक आम्ही पाहिले आहेत. 2017 मध्ये अँड्र्यू बेल्ट यांनी व्हीसीव्ही रॅक काढले आणि 2019 मध्ये बिटविगने आपल्या संगीत-सॉफ्टवेअरमध्ये 'द ग्रिड' आणले. वायर पुन्हा गादीवर बसली.

लांबीचा सिद्धांत

व्हीसीव्ही रॅकमधली प्रत्येक वायर, ती वीतभर दिसो की पडदाभर, आवाजाला बरोबर एका नमुन्याचा (सॅम्पलचा) उशीर करते. सेकंदाला 44,100 नमुने धरले तर हा उशीर सुमारे 22.7 मायक्रोसेकंद होतो. तेवढ्या वेळात हवेतला आवाज जेमतेम पावणेआठ मिलिमीटर सरकतो. म्हणजे आवाजाला हवेत एक किलोमीटर जायला जितका वेळ लागतो तितका खोळंबा घडवायचा, तर 1 लाख 28 हजारांहून अधिक वायरी एकापुढे एक जोडाव्या लागतील. हा प्रयोग आम्ही केला नाही. संगणक घरचा आहे.

आता तांब्याकडे वळू. खऱ्या वायरीत विद्युतसंदेश सेकंदाला ढोबळमानाने दोन लाख किलोमीटर धावतो. त्या हिशोबाने 22.7 मायक्रोसेकंद म्हणजे साडेचार किलोमीटर तांबे. झिरो माइलला एक टोक बांधून निघालेली वायर अजनी ओलांडून जाईल! तेव्हा प्रथम प्रमेय असे: आभासी वायरीची लांबी शून्य असून ती साडेचार किलोमीटर असते.

या उशिराला दोष मानू नये. एखाद्या मॉड्यूलचा आवाज फिरवून त्याच्याच तोंडात घातला, तर 'आधी कोण, नंतर कोण' या पेचात गणित अडकले असते. एका नमुन्याच्या खोळंब्यामुळे मागचे उत्तर आजच्या प्रश्नाला वापरता येते आणि गाडी पुढे जाते. सरकारी कामातला उशीर इतका उपयोगी असल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

झोळाचा सिद्धांत

दोन टोकांना टांगलेली साखळी कोणता आकार घेते? गॅलिलिओने 1638 मध्ये तिला पॅराबोलाच्या पंक्तीला बसवले. ते बरोबर नाही हे पुढे ठरले, आणि 1691 साली लायब्निझ, हायगेन्स आणि योहान बर्नुली यांनी खरा वक्र शोधला. तोच कॅटेनरी. रेल्वेच्या विजेच्या तारा ज्या वरच्या तारेला टांगलेल्या असतात तिलाही कॅटेनरीच म्हणतात. त्यामुळे अजनीच्या लोको शेडमध्ये हा शब्द चहाबरोबर चालतो.

इथे आमचे संशोधन कळसाला पोहोचते. व्हीसीव्ही रॅक आपली वायर काढतो ती द्विघाती बेझिए वक्राने, आणि द्विघाती बेझिए म्हणजे पॅराबोलाचाच तुकडा. तेव्हा द्वितीय प्रमेय असे: तीन थोर गणितज्ञांनी मोडीत काढलेला गॅलिलिओचा झोळ 379 वर्षांनी संगीताच्या मागच्या दाराने परत आला आहे. खटला उशिरा का होईना, निकाली लागला.

छेदनाचा सिद्धांत

वायरी वाढल्या की एकमेकींवरून जातात, आणि नवशिक्याला वाटते की आवाज मिसळला. त्याला नागपूर स्टेशनजवळच्या डायमंड क्रॉसिंगवर न्यावे. हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नईचे रूळ तिथे एकमेकांना छेदतात, पण हावड्याचा प्रवासी त्या छेदामुळे चेन्नईला पोहोचत नाही. गाडी बदलायची असेल तर सीताबर्डीच्या मेट्रो स्टेशनात उतरावे, जिथे नारिंगी आणि अ‍ॅक्वा मार्गिका खरोखर भेटतात. सॉफ्टवेअरमध्ये त्या जागेचे काम मिक्सर करतो. छेदन म्हणजे संगम नव्हे, हे तृतीय प्रमेय.

पूर्वपक्ष आणि खंडन

या सगळ्यावर धरमपेठेतल्या एका तरुण संगीत-संयोजकाने आक्षेप घेतला. तो जशाच्या तसा नोंदवणे आम्ही कर्तव्य समजतो. "काका, वायर लोंबली काय अन् नाही लोंबली काय, आवाज तर तोच येऊन राह्यला नं! काऊन डोकं लावून राह्यले? सरळ मेनूतून बस निवडा, मोकळे व्हा."

आक्षेप दिसतो तितका पोकळ नाही. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये बसची, म्हणजे आवाजाच्या वाटेची, जोडणी मेनूतूनच होते. ढोलाचा ठोका पडला की बासरी क्षणभर दबावी, एवढी साधी गोष्ट करायची तर कॉम्प्रेसरच्या बारक्या चौकोनात साइडचेन म्हणून ढोलाचा ट्रॅक निवडायचा. काम होते, जागाही वाचते. रीझनमध्ये वायरींची गर्दी कमी करण्याची सोय आहे, आणि व्हीसीव्ही रॅकमध्ये तर वायरी पारदर्शक करता करता अदृश्य करता येतात. लपवापंथ हा असा राजमान्य पंथ आहे.

पण खंडन ऐका. मेनूत निवडलेली जोडणी दुसऱ्या दिवशी आठवावी लागते, वायर दिसते. ज्या वायरीतून स्वर जातो तशाच वायरीतून त्या स्वराला हलवणारी आज्ञाही जाते, हे मॉड्युलर पद्धतीचे मर्म आहे. संथ लहर फिल्टरला जोडली तर आवाज श्वास घेतो, तीच वेगाने चालवली तर स्वतःच स्वर बनते. हे मेनूत कळत नाही, वायरीत कळते. आणि झोळ? ताठ रेषा मॉड्यूलच्या ऐन बटणांवरून जाते, चार ताठ रेषा एकमेकींत हरवतात. लोंबती वायर खाली वळते, आपली वाट वेगळी दाखवते आणि कुठून निघून कुठे जाते ते डोळ्याला सांगते. संगणकाला तिची गरज नाही. गरज माणसाला आहे, आणि अजून तरी गाणे तोच करतो आहे.

निष्कर्ष

आभासी वायर लोंबावी, आणि लोंबताना दिसावी, असा आमचा निर्णय आहे. लपवापंथीयांना एवढीच विनंती, की ज्या दिवशी प्रकल्प मुका होईल त्या दिवशी वायरी पुन्हा दाखवा, स्पीकरला जाणाऱ्या शेवटच्या वायरीपासून उलटे निघा आणि बोट ठेवत मागे मागे जा. बहुतेक वेळा एक पिन शेजारच्या भोकात बसलेली सापडेल.