जोडधंदे सर

नंदुरबार जिल्ह्यात सहा तालुके आहेत आणि सहाही तालुक्यांत जोडधंदे सर आहेत. कुठे ते ग्रामसेवक असतात, कुठे आरोग्यसेवक, पण अस्सल वाण प्राथमिक शिक्षकाचं. शाळेच्या हजेरीपटावरचं नाव घेऊन बाजारात चौकशी केलीत तर कोणी ओळखत नाही. ‘सर’ म्हणालात की उलट प्रश्न येतो, “पपईवाले का घोडीवाले?” दोघे एकच.

मी ज्यांच्याविषयी सांगतोय ते २००२ साली शिक्षणसेवक म्हणून लागले. मानधन महिना तीन हजार, मुदत तीन वर्षं. तीन हजारांत शहाद्याची खोली, धडगावकडची शाळा, दोहोंमधला घाट आणि घरात चाललेली लग्नाची बोलणी एवढं सगळं बसवायचं होतं. जोडधंदा तेव्हा गरज म्हणून सुरू झाला. तीन वर्षांनी सर कायम झाले, पूर्ण पगार आला, पुढे आदिवासी भागात काम केल्याबद्दलची एकस्तर वेतनश्रेणीही मिळाली. गरज गेली, पण खोड राहिली.

पहिला अडथळा कायद्याचा. जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांच्या १९६७ च्या वर्तणूक नियमांनुसार नोकरीत असताना खासगी धंदा करता येत नाही. सरांनी नियम बारकाईने वाचले. त्यांत बायकोला बंदी कुठे दिसली नाही. तेव्हापासून सरांच्या प्रत्येक उद्योगाच्या मालकीणबाई वहिनी आहेत. आपण कशाच्या मालक झालो हे त्यांना बहुतेक वेळा सही करताना कळतं आणि कधी कधी सही केल्यानंतर.

पहिला मोठा उद्योग कोंबड्यांचा. नवापूरला पोल्ट्र्या जोरात होत्या, मेहुण्याची जागाही होती. सरांनी शेड टाकली, पिल्लं आणली आणि फेब्रुवारी २००६ मध्ये बर्ड फ्लू निघाला. देशातला पहिला, आणि तोही नेमका नवापुरात. सरकारी पथकं आली, त्यांनी कोंबड्या मारल्या, खड्डे खणून पुरल्या. हा प्रसंग सांगताना सरांचा चेहरा उतरत नाही. “देशात पहिला!” हे शब्द ते अशा थाटात उच्चारतात की नवख्या माणसाला वाटावं, सरांना कसलासा पुरस्कार मिळाला होता.

मग २९ सप्टेंबर २०१० उजाडला. शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात पंतप्रधान मनमोहनसिंग आणि सोनिया गांधी आले आणि देशातली पहिली आधार कार्डं वाटली गेली. जिल्ह्यातली बाकी माणसं हेलिकॉप्टर बघत होती. सरांच्या मनात मात्र गुणाकार चालला होता. माणसं एकशेवीस कोटी, प्रत्येकाच्या हातात कागदाचं कार्ड, कागद म्हटला की भिजणार, फाटणार. लॅमिनेशनचे दहा रुपये धरले तरी बाराशे कोटी! दुसऱ्या दिवशी त्यांनी हा हिशेब चौथीच्या फळ्यावर मांडून दाखवला आणि त्याच आठवड्यात सुरतेहून मशीन आणलं. मात्र असाच गुणाकार जिल्ह्यातल्या प्रत्येक झेरॉक्सवाल्याने केला होता. ते मशीन पुढे शाळेत गेलं. शिक्षण खात्याचे साहेब आले की सरांच्या वर्गातले तक्ते अजूनही चकचकीत दिसतात.

पपईबद्दल सरांशी बोलू नये. शहाद्याची पपई उत्तरेकडे जाते, व्यापारी तिकडून येतात आणि भावावरून दर हंगामात बाजार समितीत शेतकऱ्यांच्या आणि त्यांच्या बैठका होतात. सर बैठकीला हजर राहत. शेतकरी म्हणून बोलत आणि निम्म्यातच शिक्षक होत. समोरच्या व्यापाऱ्याला “आधी हात वर करा, मग बोला” असं ते एकदा म्हणाल्याचं सांगतात. भाव पैशाने वाढला नाही. तोवर बागेत व्हायरस शिरला होता.

मिरचीत मात्र त्यांचा जीव होता. नंदुरबारच्या बाजारात ओली लाल मिरची घ्यायची, शहराबाहेर पथारीवर उन्हात वाळवायची, बायांकडून देठ खुडून घ्यायचे, माल विकायचा. शिंका दुसऱ्यांच्या, हिशेब आपला. सगळं ठीक चाललं असताना भर हिवाळ्यात आभाळ आलं. ताडपत्री मागवली, ती पाऊस उघडल्यावर पोचली. महिनाभर सरांच्या वहीत लाल डाग आणि लाल आकडे दोन्ही होते.

आणि घोडी! दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत लाखालाखाची जनावरं येतात. सर मुलांना यात्रा दाखवायला गेले आणि येताना पांढरी घोडी घेऊन आले. लग्नाच्या वरातीसाठी भाड्याने द्यायची होती. अंगावरचे केसांचे भोवरे कसे पाहायचे हे विकणाऱ्यानेच शिकवलं असल्याने घोडीचे सगळे भोवरे शुभ निघाले. लग्नसराई चार महिन्यांची, घोडीची भूक बारा महिन्यांची, हा गुणाकार फळ्यावर मांडायचा राहिला. शिवाय डीजेचा आवाज सुरू झाला की ती नवरदेवासकट उलटी फिरे.

इतकं बुडूनही सर बुडत नाहीत याचं आम्हाला फार दिवस नवल वाटे. उत्तर वहिनींच्या एका प्रश्नात होतं. कोंबड्या गेल्या, मिरची भिजली, घोडी विकली, त्या एवढंच विचारत, “पगार वना का?” पगार आलेला असे. पतसंस्थेची कपात होऊन का होईना, येई. सरांच्या सर्व उद्योगांचं भागभांडवल, विमा आणि कर्जमाफी हे तिन्ही जिल्हा परिषदच होती. कर्ज काढायचं तर जामीनदार लागत, म्हणून सर हातात अर्ज घेऊन स्टाफरूममध्ये आले की कोणाला तास आठवे, कोणाला दाढदुखी. मी दोनदा सही केली आहे. माणूस बुडवा नाही, फक्त त्याचा धंदा बुडतो.

सरांच्या वर्गातल्या अर्ध्या पोरांचे आईबाप दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन गुजरातेत ऊसतोडीला जातात. उचल फिटली नाही तर पुढच्या साली पुन्हा तोच मुकादम. कर्ज काढून जोखीम घेणं म्हणजे काय ते त्यांना चांगलं माहीत आहे. ते त्यावर व्याख्यान देत नाहीत, एवढंच.

व्याख्यान सर देतात. “पोरांनो, नोकरी मागणारे होऊ नका, नोकरी देणारे व्हा!” हे वाक्य त्यांनी शाळेच्या स्नेहसंमेलनात, गणेश मंडळात आणि एका दहाव्याच्या कार्यक्रमातही म्हटलं आहे. समोर पहाटे मैदानावर पोलीस भरतीसाठी धावून आलेली पोरं बसलेली असतात. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले, त्यांत हजार-नऊशे रुपये फी भरलेली हीच पोरं. ती शांतपणे ऐकतात. एकदा भाषण संपल्यावर ‘काही शंका?’ असं विचारलं तेव्हा मागचा एक उठला.

“सर, तुमची नेमणूक १ नोव्हेंबर २००५ च्या आधीची का नंतरची?”

“आधीची.”

“म्हणजे जुनी पेन्शन?”

“हो.”

पोरांनी मग टाळ्या वाजवल्या. भाषणाला वाजल्या होत्या त्याहून जास्त.

त्या टाळ्यांतून सरांना जो धंदा सुचला, तोच आयुष्यात पहिल्यांदा चालला. घोडीच्या रिकाम्या गोठ्याला फरशी बसवली, टेबलं टाकली, पंखे आणि वायफाय लावलं आणि वर बोर्ड चढवला. स्पर्धा परीक्षा अभ्यासिका, सकाळी सहा ते रात्री अकरा. पंधरा दिवसांत सगळ्या खुर्च्या भरल्या. आत सरांनी आपलं आवडतं वाक्य लॅमिनेट करून लावलं होतं. पोरांनी विनंती केली, तेवढं काढा सर, अभ्यासात लक्ष लागत नाही. सरांनी स्वतः स्टुलावर चढून ते काढलं आणि त्या जागी तलाठी परीक्षेचा अभ्यासक्रम चिकटवला.

अभ्यासिकाही अर्थात वहिनींच्याच नावावर. फरक इतकाच की या वेळी सही करण्याआधी त्यांनी कागद वाचला. आता फी त्याच घेतात, पावती त्याच फाडतात, गल्ल्याची किल्ली त्यांच्या कमरेला असते. मागच्या महिन्यात सर ड्रॅगन फ्रूटची बाग बघून आले, रात्रभर वहीत आकडे मांडले आणि सकाळी चहाच्या वेळी वहिनींकडे पन्नास हजार मागितले. वहिनींनी कप खाली ठेवला.

“जामीनदार कोन शे?”