निकोची पिशवी

माझ्या भाचीचं माहेर सांगली, सासर सातारा आणि नवरा स्टुटगार्टला. जावई मिरजेत नर्सिंग शिकले आणि तिकडच्या रुग्णालयात लागले. आता नवऱ्याकडे राहायला जायचं तर जर्मन सरकारची अट अशी, की आधी त्या भाषेची 'ए वन' ही प्राथमिक परीक्षा पास व्हा. 'ब्लू कार्ड' नावाच्या परवान्यावर तिकडे राहणाऱ्यांच्या जोडीदारांना यातून सूट असते. आमचे जावई त्या सवलतीत बसत नव्हते. "आमच्या वेळी एका उखाण्यावर भागायचं," विहीणबाई म्हणाल्या.

परीक्षा पुण्यात, बोट क्लब रोडवरच्या मॅक्स म्युलर भवनात. मॅक्स म्युलर साहेब जन्मात कधी भारतात आले नाहीत. त्यांच्या नावाच्या दारात मात्र अख्ख्या महाराष्ट्राची पोरं उभी असतात. परीक्षेची फी काही हजारांत. ते ऐकून विहीणबाईंनी हिशेब मांडला: फी चुकत नाही, तर शिकणं तरी फुकटात बसवा.

आणि ते बसतं, हीच यातली गंमत. हे भवन ज्यांचं, त्या गोएथे इन्स्टिट्यूटच्या संकेतस्थळावर सराव प्रश्नपत्रिका आहेत, ऐकण्याच्या ध्वनिफितींसकट आणि उत्तरांसकट. साडेसहाशेच्या आसपास शब्दांची यादी आहे. जर्मनीतल्या लोकशिक्षण केंद्रांचं 'फाउ-हा-एस लेर्नपोर्टाल' आहे, तिथे नाव नोंदवलं की पहिल्या पायरीपासूनचा अख्खा अभ्यासक्रम मिळतो. डॉयचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचे धडे आहेत. यूट्यूबवर तर गल्लोगल्ली गुरुजी. त्यात २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला आणि जाणाऱ्यांना भाषेचं प्रशिक्षण मोफत देण्याचं ठरलं. तेव्हापासून साताऱ्यात पोवई नाक्यावर उभं राहिलं तरी कुणाचा ना कुणाचा पुतण्या जर्मन शिकत असतो, आणि त्याच्याकडे एक पीडीएफ असतेच. पहिले काही दिवस भाची शिकतच नव्हती, नुसती डाउनलोड करत होती.

शेवटी सगळ्यातून घरात टिकला तो डॉयचे वेलेचा 'निकोस वेग'. ही व्हिडिओमालिका आहे. निको नावाचा स्पेनचा पोरगा जर्मनीत उतरतो आणि विमानतळावरच त्याची पिशवी हरवते. मोडकं जर्मन बोलत तो ती शोधत फिरतो. भाचीने हे साताऱ्यातल्या हॉलमधल्या टीव्हीवर लावलं, ही अभ्यासाच्या दृष्टीने फार मोठी घटना ठरली. विहीणबाईंनी आपली नेहमीची मालिका बंद केली. "एवढं लांबचं पोरगं, पिशवी नाही, अंगावरचा शर्ट बदलायला नाही, आणि ती माणसं त्याला क्रियापदं शिकवतायत!" त्या दर भागाला हळहळत. पुढे निकोला जर्मनीत एक यारा आत्या असल्याचं कळलं, तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. मूळ जर्मन शब्दावरून ती आत्या की मावशी ते काही ठरत नाही. त्यांनी स्वतःच्या अधिकारात ठरवून टाकलं. भाची माहेरी सांगलीला आली, की साताऱ्याहून फोन येई, "तिकडं पुढचा भाग बघू नकोस. आल्यावर मिळून बघू."

सासरेबुवांना टीव्ही चालत नाही, ते रेडिओच्या पिढीतले. त्यांच्यासाठी डॉयचे वेलेचाच जुना श्राव्य अभ्यासक्रम निघाला, 'डॉयच - वारुम निश्त?'. त्यात आंद्रेआस नावाचा विद्यार्थी हॉटेलात काम करतो आणि एक्स नावाची कुणालाही न दिसणारी मुलगी त्याच्याभोवती बोलत हिंडते. सासरेबुवांनी दोन धडे ऐकून निदान केलं, "बाधा आहे. भाषा शिकून उतरणार नाही."

व्याकरणाने आम्हाला फार छळलं नाही. तीन लिंगांना इंग्रजी माध्यमातली पोरं घाबरतात. तो-ती-ते म्हणत वाढलेल्याला त्याचं काय? चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी, हे सांगलीत कुणी हरकत न घेता मान्य झालं. मुलगी नपुंसकलिंगी म्हटल्यावर मात्र माझी बहीण उसळली. विहीणबाईंनीच समजूत काढली, "आपणही 'लेकरू किती वाळलंय' म्हणतोच की." आकड्यांतही तेच. जर्मन माणूस आधी एकक सांगतो, मग दशक. आपलं एकवीस-बावीसही तसंच. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता; जर्मनांना तो नक्की समजला असता.

खरी गोष्ट पुढेच आहे. सराव प्रश्नपत्रिका सोडवता सोडवता माझ्या ध्यानात आलं, की ही परीक्षा साताऱ्या-सांगलीच्या माणसाने न शिकताच अर्धी दिलेली असते. ऐकण्याच्या भागात स्टेशनवरच्या घोषणा असतात: गाडी किती वाजता, कुठल्या फलाटावर. ज्याने एसटी स्टँडवरच्या भोंग्यातून 'कराडमार्गे' एवढं वेचून गाडी पकडली आहे, त्याला स्वच्छ आवाजातली, शांत खोलीतली जर्मन घोषणा म्हणजे चैन. लिहिण्याच्या भागात एक फॉर्म भरायचा: नाव, पत्ता, जन्मतारीख. बस्स! झेरॉक्स नाही, साक्षांकन नाही, रेशनकार्ड नाही. सासरेबुवांना संशयच आला, की उरलेली पानं कुणी काढून घेतली. पुढे तीसेक शब्दांचं पत्र लिहायचं. इथे जरा अडलं, कारण आपले तीस शब्द 'साष्टांग नमस्कार, विनंती विशेष, इकडील सर्व क्षेम' यातच संपतात.

आणि बोलण्याचा भाग? नाव, वय, देश, राहायचं ठिकाण, भाषा, व्यवसाय, छंद एवढं सांगायचं. अहो, साताऱ्याहून सांगलीला निघालेली एसटी उंब्रजला पोचायच्या आत शेजारचा प्रवासी एवढं काढून घेतो, वर जमीन किती आणि बागायत की जिरायत हेही विचारतो. परीक्षक तर पगारही विचारत नाहीत. मग गावाच्या नावाची अक्षरं सुटी करून सांगायची. 'एस-आ-टे-आ-एर-आ' असं घोकताना भाची दाताच्या डॉक्टरपुढे बसल्यासारखी दिसे.

अडचण आली ती विनंतीच्या भागात. चित्राचं कार्ड येतं आणि ती वस्तू समोरच्याकडे 'बिटे' म्हणून, म्हणजे कृपया म्हणून, मागायची. आमच्या घरांत पाहुण्याने मागायच्या आधी चहा येतो आणि नको म्हटल्यावर दुसरा येतो. मागायची सवय लागणार कुठून? आणि घरातल्या घरात मागणं म्हणजे "ए, सरक की जरा." त्यामुळे दोन्ही घरांत 'बिटे' सक्तीचं झालं. सासरेबुवांनी बिटे म्हटल्याशिवाय वर्तमानपत्र मिळेना. विहीणबाईंना लग्नानंतर प्रथमच कुणी कृपया म्हणत होतं. परीक्षा लांबली तरी त्यांची हरकत नव्हती.

परीक्षा झाली. शंभरपैकी साठ लागतात, भाची त्याच्या बऱ्याच वर गेली. बोलण्याच्या गटात शेजारच्या उमेदवाराला तिने कार्डावरच्या शब्दावरून प्रश्न विचारला आणि लागलीच 'लग्न झालं का?' हेही जर्मनमध्ये विचारलं. परीक्षक हसले म्हणे. साताऱ्यात कंदी पेढे वाटले गेले. भाचीने पुस्तकं मिटली, पण टीव्ही चालूच राहिला, कारण निकोची गोष्ट ए टू आणि बी वनपर्यंत जाते. विहीणबाई आता ए टूमध्ये आहेत. "आत्याचं पुढं काय होतंय ते बघायचंय," असं त्या सांगतात. परवा सासरेबुवांनी मला हळूच फोन करून विचारलं, सासूला सुनेबरोबर जायला कुठला व्हिसा लागतो. बिटे म्हणायला ते विसरले नाहीत.