तेहतीस कोटी, टिंबापलीकडे

ग्रंथपाल कुणाची बाजू घेत नाही, असं आपण धरून चालतो. पुस्तकाच्या पाठीवर वर्गांकाची चिठ्ठी डकवली की विषय संपला. आकड्याशी कोण हुज्जत घालणार?

मी घालतो. मेल्विल ड्यूई या अमेरिकन गृहस्थाने 1876 मध्ये दशांश वर्गीकरण आणलं. आपल्याकडची बहुतेक ग्रंथालयं अजून त्याच्याच आकड्यांवर चालतात. त्यात धर्माला 200 ते 299. पैकी 220 ते 289 हे सत्तर अंक बायबल आणि ख्रिस्ती धर्माचे. बाकीच्या जगाने 290 मध्ये भागवून घ्यायचं. भारतात जन्मलेल्या धर्मांना मिळून एक 294. बौद्ध 294.3, जैन 294.4, हिंदू 294.5. म्हणजे आपले तेहतीस कोटी देव टिंबापलीकडे, दाटीवाटीने. इंग्रजी साहित्याला 820 चा अख्खा वाडा, मराठीला 891.46 ही चाळीतली खोली.

हे हसण्यावारी न्यायचं काम नाही. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात डोरोथी पोर्टर यांनी 1930 मध्ये कृष्णवर्णीयविषयक ग्रंथसंग्रह हाती घेतला, तेव्हा इतरत्र कृष्णवर्णीयांची पुस्तकं 325 किंवा 326 वर ढकलली जात. एक अंक वसाहतींचा, दुसरा गुलामगिरीचा. कवितासंग्रह असला तरी तिथेच! पोर्टरबाईंनी तो शिरस्ता मोडला आणि कविता कवितेत लावली.

पण आपणही कॉलर ताठ करायला नको. आपल्या ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांचं द्विबिंदू वर्गीकरण 1933 चं. त्यात धर्मांची रांग वैदिक परंपरेपासून सुरू होते आणि ख्रिस्ती धर्माला सहावा क्रमांक. ज्याच्या हाती तक्ता, त्याचा देव पहिला.

आता सांगा, दया पवारांचं 'बलुतं' कुठे लावाल? आत्मचरित्रात, मराठी साहित्यात की जातिव्यवस्थेत? साहित्यात लावलं तर समाजशास्त्राचा विद्यार्थी हात हलवत परत जातो. जातीत लावलं तर पवार लेखक राहत नाहीत, पुरावा होतात. मार्चअखेर अनुदानाचे गठ्ठे येऊन पडले की हा निवाडा दोन मिनिटांत उरकला जातो, आणि पुढची पन्नास वर्षं कुणी त्या चिठ्ठीला हात लावत नाही.

कपाटात पुस्तक एकाच जागी उभं राहणार, हे मान्य. पण संगणकावरच्या सूचीत त्याच्या तीन विषयनोंदी करायला दमडी पडत नाही. ग्रंथपाल महाशय, तेवढ्या करा. निःपक्षपातीपणाचं मग बघू.