चार तासांचे सेवक

खेड्यातल्या पोस्टात नोकरी हवी असेल तर एक गोष्ट आधी लिहून द्यावी लागते: पोट भरायला माझ्याकडे दुसरं साधन आहे. ग्रामीण डाक सेवकांच्या नियमातच ही अट आहे. ज्या नोकरीवर घर चालत नाही हे मालकालाच पक्कं ठाऊक आहे, ती नोकरी केंद्र सरकार आजही लाखो लोकांना देतं.

देशात असे अडीच लाखांहून अधिक सेवक आहेत. कागदावर काम दिवसाला चार-पाच तास. २०१८ साली ठरलेला मूळ भत्ता डाक सेवकाला १० हजारांपासून, शाखा डाकपालाला १२ हजारांपासून. त्याला पगार म्हणायचं नाही, भत्ताच म्हणायचं. वर महागाई भत्ता मिळतो, हे खरं. पण शाखा डाकघरासाठी जागाही बहुतेक ठिकाणी डाकपालानेच बघायची. टपाल वाटायचं, आवर्ती ठेवी आणि सुकन्या समृद्धीची खाती उघडायची, ग्रामीण टपाल विमा विकायचा, पोस्ट पेमेंट्स बँकेचं उद्दिष्ट गाठायचं. वाडीवस्तीवर विखुरलेल्या गावात हे चार तासांत उरकतं, असं म्हणणाऱ्याने एकदा भर पावसात कोकणातल्या वाड्यांवर टपाल वाटून दाखवावं.

१९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजम्मा खटल्यात सांगितलं की, यांचं पद हे शासकीय पदच आहे. तरी नियम त्यांना नियमित सेवेबाहेर ठेवतात आणि सातव्या वेतन आयोगानेही बरोबरीची मागणी मानली नाही. शिस्तभंगाची कारवाई करताना मात्र ते पुरेसे सरकारी ठरतात.

मार्च २०२४ मध्ये आर्थिक बढतीची योजना जाहीर झाली. बारा वर्षं सेवा केली की वर्षाला ४,३२० रुपये वाढ. म्हणजे महिन्याला ३६०. एका तपाच्या सेवेचं हे मोल ठरवणाऱ्यांचा मला राग येतो आणि तो लपवायचं काही कारण दिसत नाही.

डिसेंबर २०२३ च्या संपात हे लोक आठ तासांचं काम आणि निवृत्तिवेतन मागत होते. काम कमी करा, असं कुणीच म्हणत नव्हतं. आता आठव्या वेतन आयोगाच्या अध्यक्षस्थानी न्यायमूर्ती रंजना देसाई आहेत. सरकारने डाक सेवकांना त्या आयोगाच्या कक्षेत घ्यावं, आणि ते होईपर्यंत निदान दुसऱ्या साधनाची ती अट आजच रद्द करावी.